गोदेच्या जुन्या पायऱ्या: नदीमंच ओळखायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नाशकात पूर मोजायला कुणी पट्टी शोधत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं असं आपण एकमेकांना फोनवर सांगतो, आणि नारोशंकराच्या घंटेकडे किंवा सराफ बाजारात सरकारवाड्याच्या पायरीकडे पाणी सरकायला लागलं की दुकानं पटापट रिकामी होतात. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून भेटतात, २०१९ च्या ऑगस्टमधला तर आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्येच आहे. म्हणजे पाणी कुठवर चढतं हे आपल्याला पक्कं माहीत असतं. पण पाणी नाही, नदीचा तळच एकेकाळी कुठल्या उंचीवर होता हे फार कमी जणांनी बघितलेलं असतं, आणि ते बघता येतं, डोळ्याने, फुकट, नाशिकपासून तासाभराच्या आत. त्यासाठीच हा लेख, ज्यांना भूगोल शाळेनंतर सुटला त्यांच्यासाठीसुद्धा.

नाशिकहून निफाडकडे निघा आणि चांदोरी, सायखेडा या बाजूला गोदेकडे उतरा. द्राक्षबागांची सपाट काळी जमीन चालत राहते, चालत राहते आणि एकदम तुटते. समोर दरड, कुठे चार-पाच मीटर तर कुठे बरीच जास्त उंच. दरडीखाली अजून एक पट्टा, अरुंद, पण तोही सपाटच, तिथे कुणी गवत, कुणी भाजीपाला लावलेला. त्याच्याही खाली वाळू, गोटे आणि मग पाणी. शेतकऱ्याच्या भाषेत वरचा मळा आणि खालची मळई. पुस्तकात या सपाट पट्ट्यांना नदीमंच किंवा नदीसोपान म्हणतात. मी मंच म्हणेन, पण मनात पायरी ठेवा, कारण घाटावरून बघितल्यावर ते तसंच दिसतं.

आधी हे नीट समजून घ्या: मंच म्हणजे नदीने सोडून दिलेली जमीन

पावसाळ्यात पूर येतो, पाणी काठाबाहेर पसरतं, वेग मोडतो, गाळ खाली बसतो. असं वर्षानुवर्षं झालं की नदीच्या दोन्ही बाजूला सपाट मैदान तयार होतं, ते पूरमैदान. आता काही कारणाने नदी खाली खोल जायला लागली, स्वतःचं पात्र कापत निघाली, तर एक दिवस असा येतो की मोठ्या पुराचं पाणीही त्या जुन्या मैदानावर चढत नाही. त्या दिवसापासून ते मैदान मंच झालं. नदी खाली जाऊन नवं मैदान तयार करते, पुन्हा कापते, पुन्हा एक पायरी. म्हणून प्रत्येक पायरीची सपाटी हा नदीचा एक जुना मुक्काम आणि दोन पायऱ्यांमधली दरड म्हणजे तिथून उठून खाली गेल्याची खूण.

नदी कापते कधी आणि भरते कधी, हे समजायला शेतातली सरी बघा. पाटाचं गढूळ पाणी मंद सोडलं तर सरी मातीने भरून येते, आणि तेच पाणी जोरात, स्वच्छ सोडलं तर सरीचा तळ खरवडून खोल होतो, कडेची माती ढासळते. नदीचं गणितही तेवढंच आहे: पाण्यात जोर किती आणि ओझं किती. ओझं जास्त झालं तर नदी ते टाकून देते, तळ वर येतो. जोर उरला तर तो जोर तळ कापण्यात जातो.

इथे नव्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. आपल्याला वाटतं जास्त पाऊस म्हणजे जास्त गाळ, म्हणजे भर. दख्खनच्या नद्यांची गोष्ट बऱ्याच अंशी उलटी निघाली. विश्वास काळे आणि शरद राजगुरू या दोन नदी-अभ्यासकांनी १९८७ मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला, त्याचा गाभा असा की शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात, साधारण १७-१८ हजार वर्षांपूर्वीपासून पुढे काही हजार वर्षं, मान्सून अशक्त होता तेव्हा या नद्या भरत होत्या, आणि नंतर, साधारण १० हजार वर्षांपूर्वीपासून मान्सून जोरदार झाला तेव्हा त्यांनी स्वतःचाच गाळ कापायला सुरुवात केली. कारण विचार केला तर लगेच पटतं: पाऊस कमी, डोंगरउतारावर झाडोरा विरळ, माती मोकळी, ती थोड्या पाण्यातच खाली येते आणि नदीत ती पुढे ढकलायला पाणीच पुरत नाही. मग पाऊस वाढला, उतार हिरवे झाले, माती मुळांनी धरून ठेवली, नदीत पाणी भरपूर आणि ओझं कमी, ती निघाली खाली. आपण निफाडला ज्या दरडीच्या काठावर उभे राहतो तिच्यामागे हे एवढं सगळं आहे, नुसता कालपरवाचा पूर नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. जमीन वर उचलली गेली तरी नदी कापते. समुद्राची पातळी खाली गेली तरी मुखाकडून कापणं सुरू होतं, हिमयुगात ती सुमारे १२० मीटर खाली होती, पण गोदावरी १४६५ किलोमीटर लांब आहे, नाशिक तिच्या उगमाजवळ, म्हणजे समुद्रातल्या त्या बदलाचा धक्का नदीतून वर चढत आपल्यापर्यंत पोचेल असं धरू नका. मध्ये कातळाचे किती उंबरठे आहेत! असा एक उंबरठा बघायचा तर लांब जायला नको, गंगापूर रोडला सोमेश्वरचा धबधबा बघा. कडक बेसाल्टवरून, म्हणजे आपल्या काळ्या कातळावरून, पाणी पडतं, खालचा भाग झिजतो, वरचा तुटतो, आणि धबधबा हजारो वर्षांत हळूहळू उगमाकडे सरकतो. उंबरठ्याच्या खाली नदी खोल गेलेली, वर अजून उथळ. म्हणून एकाच नदीवर दहा किलोमीटरच्या अंतरात पायऱ्यांची उंची वेगळी येऊ शकते आणि त्यात काही चुकलेलं नसतं.

घरबसल्या जागा शोधा, पण डोंगराच्या पायऱ्यांना फसू नका

गुगल अर्थ उघडा, गंगापूर धरणापासून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत नदी धरून सावकाश खाली या. तीन गोष्टी शोधायच्या: नदीचं बाहेरचं वळण जिथे ती काठ खाते (दरड तिथेच ताजी मिळते), काठापासून आत शिरलेल्या ओघळी आणि घळी, आणि नदीला समांतर जाणारी अशी एक रेघ जिथे शेतांचे बांध एकदम दिशा बदलतात. ही शेवटची खूण मला फार उपयोगी पडली. बांध घालणाऱ्याने उतार बघून बांध घातलेला असतो, त्यामुळे मंचाची कड कित्येकदा शेतांच्या नकाशातच दिसते. रस्ते आणि जुनी गावठाणं पण बघा. गोदाकाठची जुनी गावं बहुतेक वरच्या पायरीच्या काठावर बसलेली, पाणी जवळ पण पूर लांब, आणि वाढलेली वस्ती खाली उतरते तेव्हा ती पुरात सापडते.

आता सावधगिरी. नाशिकच्या आसपास पायऱ्याच पायऱ्या आहेत, ब्रह्मगिरी बघा, अंजनेरी बघा, रामशेज बघा, सगळीकडे कडा-सपाटी-कडा-सपाटी. त्या नदीच्या नाहीत. त्या लाव्हाच्या थरांच्या आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. आपल्या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात त्यातला ट्रॅप हा शब्दच मुळात पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. फरक ओळखायला दोन खुणा पुरतात. लाव्हाची पायरी उकरली तर खाली मुरूम आणि कातळ, नदीची उकरली तर गाळ, वाळू, गोल गोटे. आणि नदीची पायरी नदीबरोबर खाली उतरत जाते, नदी दोन मीटर उतरली तर तीही साधारण तेवढीच उतरते, लाव्हाची पायरी मात्र नदी कुठे चाललीय याची पर्वा न करता आपल्या थराबरोबर जाते.

अजून एक प्रकार मधला आहे: खाली कातळ कापून सपाट केलेला आणि वर फक्त पातळ गोट्यांचा थर. हा कातळमंच. नदीने भर घालून नंतर कापलेला तो भरावमंच, आणि नदीने आडवं फिरून खडकच तासला तो कातळमंच. गंगापूरकडच्या खडकाळ पात्रात दुसऱ्या प्रकारावर नजर ठेवा, निफाडकडे पहिल्यावर.

माणसाने केलेल्या सपाट्या वेगळ्या काढा. जेसीबीने लेव्हल केलेलं शेत, प्लॉटिंगचा भराव, वीटभट्टीसाठी माती उचललेला खड्डा, हे सगळं उपग्रहाच्या फोटोत मंचासारखं दिसतं. एका ठिकाणी मी तीन वर्षं जात होतो, सुंदर दरड होती, चार थर स्वच्छ दिसायचे, आणि चौथ्या वर्षी गेलो तर ती पूर्ण दरड विटांसाठी गेलेली. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. त्यामुळे जुने फोटो बघायची सवय लावा, गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांचे फोटो दिसतात, सपाटी दहा वर्षांपूर्वीही तशीच होती का ते दोन मिनिटांत कळतं.

जायचं कधी

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पावसाळ्याने काठ धुऊन ताजे केलेले असतात, गवत वाळायला लागतं, ऊन सोसवतं. पण पाणी कमी दिसतं म्हणून निर्धास्त पात्रात उतरू नका, धरणातून आवर्तन सुटतं, पावसाळ्यात विसर्ग वाढतो तेव्हा तर जायचंच नाही. आधी गावात विचारा. आणि दरडीच्या अगदी खाली बसून डबा खाऊ नका, हे कळकळीने सांगतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, उभा ढलपा सुटतो आणि आवाज न करता खाली येतो. दरड बघायची ती तिच्या उंचीएवढं अंतर ठेवून, आणि जवळ जायचंच असेल तर जिथे ओघळ आहे आणि उतार मोडलेला आहे तिथून. शेत कुणाचं तरी आहे, मालकाला विचारून जा. विचारलं की माणसं नुसती परवानगी देत नाहीत, सोबत येतात आणि विहिरीची माहितीही देतात.

विहीर हे उघडं पुस्तक आहे

मला हा नाद लागला तोच मामांच्या विहिरीमुळे. निफाड तालुक्यात, गोदेपासून चांगली दीड किलोमीटर आत, मी आठवीत असताना विहीर खोदत होते. यारीची बादली वर यायची आणि प्रत्येक दिवसाचा ढीग वेगळा पडायचा. पहिले काही दिवस काळी माती, चिकट, हाताला लागली की निघत नाही. मग पिवळट फिकी माती, त्यात पांढरे वाटाण्याएवढे, सुपारीएवढे खडे, चुनखडीचे. मग बारीक वाळू, ती ओली होती. आणि मग गोटे. मुठीएवढे, काही नारळाएवढे, पण सगळे गोल, गुळगुळीत, आणि चुन्याने एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले की पहार लागत नव्हती, काँक्रीटच जणू. दोन दिवस काम अडलं. एका मजुराने त्यातून लालसर, आरपार उजेड दिसणारी गार काढून माझ्या हातात दिली. गोट्यांच्या खाली मुरूम आणि मग काळा कातळ. मामा विहिरीच्या काठावर बसून म्हणाले, "भाच्या, इथून नदी वाहत होती बघ कधीतरी." नदी तर त्या जागेवरून दिसतसुद्धा नव्हती. ते गोटे आणायला नदीशिवाय दुसरं कोण येणार?

आता तोच क्रम दरडीत वाचा, पण खालून वर. हे महत्त्वाचं, डोळा आपोआप वरून खाली जातो, त्याला उलटं वळवा.

सगळ्यात खाली कातळ किंवा मुरूम दिसतो का? दिसला तर तो नदीचा मूळ तळ. त्यावर गोटे असतील तर तिथे मुख्य धार होती, वेग जास्त. गोट्यांकडे पाच मिनिटं निवांत बघा. चपटे गोटे एका बाजूला कललेले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक रेललेले, आणि त्यांचा उतार नदी जिकडून येत होती त्या बाजूला असतो. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं पाणी कुठल्या दिशेने वाहत होतं ते तुम्ही बोटाने दाखवू शकता. पहिल्यांदा मला ते दिसलं तेव्हा मी उठून प्रत्येक गोट्याला मोबाइलचं होकायंत्र लावत बसलो होतो. गोटे कशाचे आहेत तेही बघा, काळा बेसाल्ट तर असणारच, पण गार, अकीक, लाल जास्पर, पांढरे झिओलाइट हे खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेले. कोपरे किती झिजलेत यावरून दगड लांबून आला की जवळच्या ओढ्याने टाकला याचा अंदाज येतो.

गोट्यांवर वाळू, वाळूवर बारीक गाळ. दाणा वर जाताना बारीक होत गेला तर मुख्य धार त्या जागेपासून हळूहळू बाजूला सरकली आणि शेवटी फक्त पुराचं संथ पाणी तिथे येत होतं. बारीक गाळाच्या मध्येच पुन्हा गोट्यांची रांग आली तर थांबा, ती सरळ आडवी आहे की वाटीच्या आकाराची? वाटीचा आकार म्हणजे मधल्या काळात एक जुना ओहोळ तिथे कापला गेला आणि परत भरला.

चुनखडीचे खडे काय सांगतात? जमिनीत मुरलेलं पाणी चुना विरघळवून खाली नेतं, कोरड्या ऋतूत पाणी उडून जातं आणि चुना तिथेच गाठी धरतो. म्हणजे पाऊस आणि लांब कोरडा काळ आलटून पालटून आणि जमीन बराच काळ न हलता तशीच पडून. एखाद्या थरात गाठी दाट असल्या तर तिथे बराच काळ नवा गाळ आला नसावा. पांढरा खडा चुनखडीच आहे का बघायला त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, कान जवळ नेला तर बारीक फसफस ऐकू येते. घरातलं टॉयलेटचं ॲसिड नेऊ नका, लोक नेतात म्हणून सांगितलं.

सगळ्यात वरची काळी माती थोडी लबाड आहे. तिला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची वस्तू त्या भेगेतून मीटरभर खाली जाते, पावसात भेग मिटते. म्हणून काळ्या मातीत काही सापडलं तर ते त्याच थराचं आहे असं लगेच लिहू नका.

उंची मोजा, गवंड्याच्या पद्धतीने

मोबाइलची जीपीएस उंची इथे चालत नाही, ती कितीतरी मीटरने इकडेतिकडे होते आणि आपल्याला दोन पायऱ्यांमधला दोन-तीन मीटरचा फरक हवाय. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडे काढा. एक जण वर, एक जण खाली, पाण्याची पातळी जुळवायची, टेपने फरक मोजायचा, वहीत लिहायचा, मग पुढचा टप्पा. दरडीला असे पाच-सहा टप्पे होतात, अर्ध्या तासाचं काम. समजा टप्पे १.४, १.६, १.५ आणि १.२ आले तर पायरी ५.७ मीटर. पण कशापासून ५.७? इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे आणि त्याच्या फुगवट्यात, म्हणजे मागे अडून राहिलेल्या पाण्यात, पातळी नदीची नाही, दरवाज्यांची आहे. चांदोरीची पात्रातली जुनी मंदिरं पाणी उतरलं की बाहेर येतात आणि एरवी बुडालेली असतात, त्यावरून समजा. म्हणून पाण्यापासून मोजू नका, पात्रातला कातळ किंवा पुलाच्या खांबाचा पाया अशी न हलणारी खूण पकडा आणि प्रत्येक वेळी तिथूनच मोजा.

समोरच्या काठावरही मोजा. दोन्हीकडे त्याच उंचीची सपाटी आली तर ती जोडपायरी, नदी त्या वेळी भराभर खाली गेली. उंच्या जुळत नसल्या तर नदी खाली जाता जाता डावी-उजवीकडे लोळत होती, एकदा हा काठ खाल्ला, एकदा तो. एका ठिकाणच्या मोजणीवर मात्र निष्कर्ष काढू नका, किमान तीन-चार ठिकाणं खालच्या अंगाला करा, मगच त्या सपाट्या एकाच मंचाच्या आहेत का ते दिसतं.

आणि खरं सांगायचं तर पुस्तकातल्या चित्रासारख्या पाच-सहा रेखीव पायऱ्या इथे मिळणार नाहीत. आपल्याकडे बहुतेक जागी एक जाड जुना भराव आणि त्याच्या पोटात शिरलेली एखाद-दुसरी नवी खालची पायरी असं दिसतं. निराश होऊ नका, त्या एका भरावात भरपूर आहे.

दोन नियम, आणि ते एकमेकांच्या उलट

ज्याने कुणी हे शिकायला सुरुवात केली तो इथे अडखळतोच, म्हणून जरा जास्त वेळ देतो.

पहिला नियम: एकाच दरडीत खालचा थर जुना, वरचा नवा. गाद्यांची चळत लावताना खालची आधी ठेवलेली, तसंच.

दुसरा नियम: पायऱ्यांमध्ये वरची पायरी जुनी, खालची नवी. कारण नदी खाली उतरत आली.

आता गंमत बघा. तुम्ही खालच्या मळईवर उभे आहात आणि थोड्या अंतरावर वरच्या पायरीची दरड आहे. पाय ज्या गाळावर आहेत तो नवा, कदाचित गेल्या काही शतकांतला. समोर छातीच्या उंचीवर दरडीतला गाळ हजारो वर्षं जुना. दोन्ही जवळजवळ एकाच उंचीवर आणि वय जमीन-अस्मानाच्या फरकाचं! कारण नदीने आधी जुना भराव कापून खोबण केली आणि नवा गाळ त्या खोबणीत भरला. म्हणून सपाट्या मोजताना दुसरा नियम आणि माती वाचताना पहिला. आणि दोन गाळ जिथे एकमेकांना चिकटतात ती तिरकी शिवण शोधा, रंग बदलतो, चुनखडी एकदम थांबते. ती शिवण सापडली की त्या दिवसाचं काम झालं असं मी धरतो.

अजून एक. थराचं वय आणि पायरीचं वय वेगळं. गोट्यांचा थर खूप जुना असेल, पण पायरी जन्मली ती नदीने ती सोडली तेव्हा, म्हणजे सगळ्यात वरचा पुराचा गाळ बसल्यानंतर.

वय कसं कळतं

आपण घरी काढू शकत नाही, पण कसं काढतात ते माहीत हवं. कोळसा किंवा शिंपले मिळाले तर रेडिओकार्बन, म्हणजे त्यातला किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून वय, पण ते साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालतं. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं हे मोजायची पद्धत आहे, कण गाडला गेला की त्याचं घड्याळ सुरू होतं, म्हणून नमुना उजेड न लागू देता नळीत घेतात. आपल्या भागात यात खोडा असा की बेसाल्टमध्ये क्वार्ट्झचे (गारेच्या खनिजाचे) दाणे नसल्यातच जमा, आणि ही पद्धत बहुतेक त्यांच्यावर बेतलेली, मग दुसऱ्या खनिजांवर काम करावं लागतं. चुनखडीच्या गाठींवरही वय काढायचा प्रयत्न करतात.

आणि मग माणसाच्या वस्तू. गंगापूरजवळ गोदेच्या गोट्यांच्या थरात अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी त्यांचा अभ्यास केला, हातकुऱ्हाडी वगैरे. म्हणजे आपण जिथे रविवारी फिरायला जातो तिथेच आदिमानव नदीतला गोटा उचलून फोडत बसला होता. नांदूर मध्यमेश्वरच्या गाळातून आज नामशेष झालेल्या मोठ्या हत्तीची कवटी आली, ब्रिटिश भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यावर लिहिलं. त्या जातीच्या नावात नामाडिकस आहे ते नर्मदेवरून. आज आपण तिथे फ्लेमिंगो आणि बदकं बघायला जातो, त्याच पाण्याच्या काठच्या मातीत हत्ती होते.

हत्यार सापडलं म्हणजे थर तेवढाच जुना असंही नाही. हत्यार आधीचं असू शकतं आणि नदीने नंतर वाहून आणून टाकलेलं. कडा धारदार असतील तर फार लांबून आलं नाही, घासून गोल झाल्या असतील तर प्रवास झालाय. वस्तू थराचं जास्तीत जास्त वय सांगते, एवढंच धरा. हाच न्याय मळईवरही चालतो: मागे पुरानंतर मी एका ठिकाणी वीतभर जाड ताज्या गाळाच्या थराखाली चुरगळलेलं गुटख्याचं पाकीट बघितलं होतं. पाकीट दहा वर्षांचं की एका वर्षाचं कळत नाही, पण वरचा गाळ त्याच्यानंतरचा हे नक्की.

असं काही जुनं मिळालं तर उचलू नका. नाणं किंवा पेन शेजारी ठेवून फोटो घ्या, जागा नोंदवा, पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजच्या भूगोल, पुरातत्त्वाच्या शिक्षकांना कळवा. थरातून काढलेलं हत्यार म्हणजे नुसता दगड उरतो, ते कुठल्या थरात होतं यातच सगळा जीव आहे.

शहरात राहून बघायचं असेल तर

घाटांच्या काँक्रीटमुळे मूळ काठ फारसा दिसत नाही, पण जुनं नाशिक चालत फिरा. "नाशिक नव टेकांवर वसलं" ही म्हण ऐकली असेल, जुनी गढी, कोकणी टेक, पठाणपुरा, डिंगरअळी, ही नावं अजून तोंडात आहेत. पंचवटीच्या बाजूने नदीकडे पाठ न करता समोर गढीकडे बघा. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळापासून सातवाहनांच्या आणि पुढच्या वस्तीचे थर मिळाले. आपल्याकडे गावच्या शेतीला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात ना, ती पांढरी म्हणजे हीच, राख, पडक्या भिंती, खापऱ्या साठून उंच झालेली. म्हणून गढीची सगळी उंची नदीच्या खात्यावर टाकू नका. ओळख सोपी: खापरी, हाड, राख दिसली तिथे माणसाचा थर, स्वच्छ पिवळा गाळ आणि चुनखडी लागली की नदीचा. काठावर उभ्या असलेल्या अशा मातीवर वस्ती असली की दर पावसाळ्यात दरड सुटायची भीती, जुन्या नाशकातल्या काझीगढीवर राहणाऱ्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तिथे बघायला जाल तेव्हा ती लोकांची घरं आहेत, कॅमेरा आधी खिशात ठेवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, जागा, कुठल्या खुणेपासून मोजलं. मग दरडीचं हाताने काढलेलं चित्र, फोटो घेतला तरी चित्र काढाच, कारण चित्र काढताना डोळा प्रत्येक थरापाशी थांबतो. थराची जाडी, रंग ओला आणि कोरडा दोन्ही, दाणा चिमटीत चोळून बघितलेला: खरखर लागली तर वाळू, पिठासारखं लागलं तर गाळ, गोळी वळली तर चिकणमाती. जे बघितलं ते डाव्या पानावर आणि जे वाटलं ते उजव्या पानावर. माझ्या पहिल्या वहीत दोन्ही मिसळलेलं आहे आणि आता मलाच कळत नाही की तो गोट्यांचा थर मी खरंच बघितला होता की तिथे असायला हवा असं वाटलं होतं.

शेवटचं काम: निघताना पुलाच्या एखाद्या खांबाला पाठ टेकून दरडीचा एक फोटो घ्या, खांबाचा नंबर लिहून ठेवा. पुढचा पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीनंतर त्याच खांबाला पाठ टेकून दुसरा घ्या. काठ किती मागे गेला, मळईवर किती बोटं नवा गाळ बसला, ते दोन फोटो शेजारी ठेवले की दिसेल.